‘भेटू कधीतरी’ म्हणत सुटलेले मित्र: संपर्क पुन्हा जोडायची आणि टिकवायची रीत

नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलेल्या पंचविशीच्या माणसाच्या फोनमध्ये सहाशे-सातशे नंबर असतात, आणि रविवारी संध्याकाळी लावावा असा एकही सापडत नाही. जुन्या मित्रांशी बोलायला हवं हे सगळ्यांना कळतं. चुकतं ते कसं बोलायचं यात. कुणी एका रात्री हुरूप येऊन तीस जणांना ‘हाय’ टाकतं, कुणी ‘जुनी गँग’ नावाचा ग्रुप काढतं, कुणी थेट गोव्याची ट्रिप ठरवतं. महिन्याभरात सगळं थंड पडतं आणि ‘कुणाला पडलेलीच नाही’ हे मनात आणखी घट्ट बसतं.

मी अंबाजोगाईहून पुण्यात आले त्याला सात वर्षं झाली. वरच्या तिन्ही चुका मी केल्या आहेत; गोव्याची दोनदा. खालचा क्रम त्या चुकांतून बसलेला आहे आणि तो उलटापालटा करू नका. ग्रुप सहाव्या टप्प्यावर ठेवला आहे तो मुद्दाम.

एक गोष्ट आधी समजून घ्या. संपर्क भांडणाने क्वचित तुटतो. ‘आता फोन कुणी करायचा’ हे ठरलेलं नसतं म्हणून तो तुटतो. कॉलेजात हा प्रश्नच नव्हता. वर्ग, मेस आणि टपरी आपोआप भेट घडवत होते. ती सोय गेली आणि तिच्या जागी आपण काहीच लावलं नाही. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात एकच काम पुन्हा पुन्हा येईल: आत्ताचं बोलणं संपायच्या आत पुढचं ठरवणं.

तयारी

एक कोरा कागद, अर्धा तास आणि सकाळची वेळ. वेळेचं विशेष सांगते. रात्री अकरानंतर एकटं वाटत असताना लिहिलेला निरोप जड होतो. त्यात ‘तुला माझी आठवण येत नाही का’ असं काहीतरी शिरतं. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसा.

टप्पा १: पाच नावांची यादी

नावं इन्स्टाग्रामवरून काढू नका. तिथे जे जास्त टाकतात तेच डोळ्यांपुढे येतात. त्यापेक्षा दोन ठिकाणी बघा: फोनच्या गॅलरीतले तीन-चार वर्षांपूर्वीचे फोटो आणि यूपीआयचा जुना हिशेब. वीस रुपये चहाचे, साठ रुपये मिसळीचे असे व्यवहार ज्या नावापुढे सलग दिसतात तो तुमचा माणूस होता. माझ्या यादीतली दोन नावं अशीच निघाली, एरवी ती मला आठवलीही नसती.

पाचच नावं घ्या. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांची मांडणी अशी की माणसाची नाती थरांत असतात: अगदी जवळचे ५ च्या आसपास, मग १५, मग ५०, आणि ओळख टिकवता येईल असे साधारण १५०. तीस जणांना एकदम जवळ आणायला गेलात तर पहिल्या पाचांच्या वाट्यालाही काही उरत नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा:

1. शेवटचं नीट बोलणं कधी झालं (वाढदिवसाचा केक पाठवला ते धरू नका).
2. सध्याच्या आयुष्यातली माहीत असलेली एक ठोस गोष्ट: बीडला बँकेत आहे, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न चालू आहे.
3. तो माणूस साधारण कधी मोकळा असतो.

तपासा: दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर आधी एखाद्या सामाईक ओळखीच्या माणसाला विचारा. मोकळ्या हाताने गेलात तर ‘बाकी काय चाललंय’ यापुढे गाडी जाणार नाही.

सावधान: ज्याच्याशी प्रेमसंबंध मोडला तो माणूस आणि ज्याच्याकडून पैसे येणे किंवा ज्याला देणे आहे तो माणूस, दोघेही या यादीत नकोत. पैशाचं असेल तर आधी पैसे मिटवा.

टप्पा २: पहिला निरोप

सगळ्यात जास्त माती इथे होते.

दोन वर्षं गप्प असलेल्या माणसाचा ‘हाय, आहेस का?’ असा निरोप आला की समोरच्याच्या मनात काय येतं? लग्नाची पत्रिका, विम्याची पॉलिसी, उसने पैसे, नाहीतर ‘एक बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे’. आपल्याकडे या चारही गोष्टी खरोखर अशाच सुरू होतात, त्यामुळे त्याची चूक नाही. तो सावधपणे ‘हो बोल ना’ लिहितो. तुम्ही लिहिता ‘काही नाही, सहज’. झालं. आता दोघंही अडकलात.

दुसरी चूक माफीनाम्याची. ‘सॉरी यार, मी किती वाईट मैत्रीण आहे, एवढे दिवस फोन नाही, काम इतकं होतं की…’ असा परिच्छेद आला की समोरच्याला आधी तुमची समजूत घालावी लागते. त्याला काम लागलं. शिवाय फोन त्यानेही केलेला नसतो, तर तुमची माफी त्याला टोमण्यासारखी लागू शकते.

तिसरी चूक ‘कशी आहेस?’. उत्तर येतं ‘मजेत, तू?’, तुम्ही म्हणता ‘मी पण’. पुढे रस्ता नाही.

चालतो तो निरोप असा:

‘अगं, आज डब्यात शेपूची भाजी आली. हॉस्टेलला शेपू दिसली की तू ताट घेऊन उठायचीस ते आठवलं. अजून खात नाहीस ना? घाई नाही, सवडीने सांग.’

किंवा:

‘आज स्वारगेटला लातूरच्या गाडीत चढताना तुझ्या त्या फाटक्या बॅगेची आठवण झाली. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं. चालायला लागले का?’

यात काय आहे ते बघा. एक खरी, आजची गोष्ट. ती दोघांच्या आठवणीतल्या कशाशी तरी जोडलेली. एका ओळीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. आणि उत्तराची घाई नाही हे शब्दांत किंवा सुरात सांगितलेलं. इतकंच. तीन-चार ओळींच्या वर जाऊ नका, आणि पाचही जणांना तोच निरोप चिकटवू नका. फॉरवर्डचा वास लगेच येतो.

‘इतक्या दिवसांनी निरोप पाठवला तर त्याला विचित्र वाटेल’ ही भीती बहुतेकांना असते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. संपर्क साधणारा माणूस समोरच्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी बांधतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं, आणि निरोप जितका अनपेक्षित तितका तो समोरच्याला जास्त भावला. म्हणजे दोन वर्षांचं अंतर उलट तुमच्या बाजूने काम करतं.

सावधान: कुणाच्या घरी मृत्यू झाला आणि तुम्हाला उशिरा कळलं, तर गमतीच्या आठवणीने सुरुवात नको, आणि निरोप तर नकोच. थेट फोन करा, ‘मला उशिरा कळलं’ म्हणा आणि ऐका.

टप्पा ३: उत्तर आलं नाही तर

निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्याने निरोप लिफ्टमध्ये वाचला, नंतर नीट लिहू म्हणाला आणि विसरला. आपणही हेच करतो.

दोन आठवडे थांबा. मग दुसरा निरोप पाठवा, पण पहिल्याचा उल्लेख न करता. ‘मेसेज पाहिलास का?’ हे वसुलीसारखं वाटतं. या वेळी प्रश्न नको, फक्त एक फोटो आणि ओळ: कॉलेजसमोरची टपरी, तुमच्या गल्लीतला बहरलेला गुलमोहर, काहीही. तिसरा निरोप दिवाळीला. त्यालाही उत्तर आलं नाही तर त्या नावावर रेघ मारा आणि सहावं नाव घ्या. रागाने ‘समजलं सगळं’ वगैरे लिहू नका. तीन वर्षांनी तोच माणूस फोन करतो तेव्हा ती ओळ तिथेच असते.

टप्पा ४: पहिला फोन

चार-पाच निरोपांची देवाणघेवाण झाली की टायपिंग थांबवा. महिनाभर नुसतं चॅटवर राहिलं की ते हळूहळू रील पाठवण्यावर येतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ च्या अभ्यासात जुन्या मित्राशी संपर्क साधताना लोकांना वाटत होतं की फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांना ईमेल करणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली आणि अवघडलेपण काही वाढलं नाही. व्हिडिओ लागतोच असं नाही. मला विचाराल तर पहिल्या वेळी तो नकोच. केस विंचरलेले नाहीत, मागे रूममेटचे कपडे वाळत आहेत, यातच लक्ष जातं.

क्रम असा ठेवा:

1. अचानक फोन लावू नका, वेळ विचारा. ‘कधी बोलूया?’ असं नव्हे, तर ‘रविवारी दुपारी चारला पंधरा मिनिटं?’ असं. दिवस, वेळ आणि किती वेळ, तिन्ही सांगा. ‘पंधरा मिनिटं’ म्हटलं की लोक हो म्हणतात. मग तास होतो ते वेगळं.
2. चालत बोला. गॅलरी, गच्ची, टेकडी, कुठेही. पीजीच्या खोलीत रूममेट ऐकत असताना माणूस ‘हो… हो… ठीक’ यापलीकडे बोलत नाही.
3. पहिली दहा मिनिटं यादीतल्या दुसऱ्या रकान्यावर घालवा. काकांचा गुडघा, परीक्षा, बदली.
4. मग स्वतःचं एक खरं सांगा. पगार, पॅकेज आणि ऑनसाइट हे नव्हे. ‘इथे येऊन वर्ष झालं, पण शनिवार अंगावर येतो’ हे एवढं वाक्य पुरतं. तुम्ही दार किलकिलं केल्याशिवाय समोरचा करत नाही.
5. ठेवण्याआधी पुढचं ठरवा.

पाचव्या पायरीला फोन संपतोय म्हणून आपण गडबडतो आणि तोंडातून आपोआप निघतं: ‘चल, बोलू मग.’ हे वाक्य जिभेवर आलं की थांबा आणि त्याऐवजी म्हणा, ‘तुझा निकाल पंधराला ना? त्या रात्री मी करते.’ तारीख आणि कुणी करायचा, दोन्ही. लगेच फोनच्या कॅलेंडरवर टाका.

परदेशातल्या मित्रासाठी वेळेचं गणित एकदा कागदावर करून ठेवा. जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते, म्हणजे आपले रात्रीचे नऊ ही तिकडची संध्याकाळ. कॅलिफोर्निया हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. आपल्या रविवारी सकाळी आठला फोन केलात तर तिथे शनिवारची संध्याकाळ असते आणि माणूस निवांत सापडतो. सिडनी उलट पुढे आहे, तेव्हा तिथल्या मैत्रिणीला रात्री नऊचा फोन म्हणजे मध्यरात्र उलटून गेलेली.

सावधान: युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ठरलेला फोन या आठवड्यांत हटकून चुकतो, आणि एकदा चुकला की लाजेने पुढचाही राहतो.

टप्पा ५: घडी बसवणे

दोन-तीन फोन झाले की प्रत्येकासाठी शिरस्ता ठरवा. सगळ्यांना एकच मोजमाप लावू नका. कुणाशी दर रविवारी, कुणाशी महिन्यातून एकदा, कुणाशी वर्षातून दोनदाच पण दोन तास. एक मैत्रीण आणि मी दर बुधवारी कपड्यांच्या घड्या घालताना बोलतो. दोघींच्याही हाताला काम असतं, त्यामुळे गप्प बसलं तरी चालतं. फोन असा एखाद्या ठरलेल्या कामाला बांधला की तो टिकतो. भांडी, इस्त्री, ऑफिसची बस, संध्याकाळचा फेरा, काहीही चालेल.

मधल्या दिवसांत व्हॉइस नोट चालते, दोन मिनिटांच्या आत. सात मिनिटांची व्हॉइस नोट म्हणजे कीर्तन. लोक ती ‘नंतर ऐकू’ म्हणून ठेवतात.

चूक झाली, महिना गेला, तर ‘बरेच दिवस झाले’ हे न उगाळता पुन्हा टप्पा २ पासून धरा. एका नावाला दोन मिनिटं लागतात.

घरच्या फोनचा विषय वेगळा आहे, पण इथेच सांगून टाकते. रोज रात्री आईचा फोन येतो, ‘जेवलीस का’, आपण ‘हो’, आणि अठ्ठेचाळीस सेकंदांत संपतो. तो बंद करू नका. मात्र आठवड्यातून एकदा तुम्ही होऊन करा आणि तिला काहीतरी विचारा. कढीला फोडणी कधी द्यायची, शेजारच्या आजींचं काय झालं, कापूस किती निघाला. घरी सगळं आलबेल आहे असंच सांगायची सवय लागली की मग खरंच वाईट दिवस आला तरी सांगता येत नाही.

टप्पा ६: ग्रुप, तोही लहान

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. तुम्हाला चार ते सहा हवीत. चाळीस जणांचा बॅचचा ग्रुप हा नोटीस बोर्ड असतो: वाढदिवस, राजकारण, गुड मॉर्निंगची फुलं. तिथे कुणी ‘मला बरं वाटत नाहीये’ असं लिहीत नाही, आणि लिहिलं तर खाली तीन अंगठे येतात.

लहान ग्रुप तेव्हाच काढा जेव्हा त्यातल्या प्रत्येकाशी तुमचं एकेकटं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. आधी काढलात तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. महिन्याला एक जण ‘पाळी’वर ठेवा, त्या महिन्याचा ग्रुप कॉल त्याने लावायचा, वेळेसाठी पोल टाकायचा, तिघं जमले तरी कॉल करायचा. सगळे येतील तेव्हाच करू म्हणालात तर तो कधीच होणार नाही.

टप्पा ७: प्रत्यक्ष भेट

गोवा नको. गोव्याला सहा जणांची रजा, सहा जणांचे पैसे आणि एका घरची परवानगी लागते, आणि यातलं एक निसटलं की सगळं बारगळतं. पुण्यातल्या पुण्यात वेताळ टेकडी किंवा सिंहगड, सकाळी सहा ते दहा, पिठलं-भाकरी खाऊन परत. खर्च कमी, रजा नको, आणि एक जण आला नाही तरी बेत मोडत नाही.

बाहेरगावच्या मित्रांसाठी दिवाळी हा खरा मोका, कारण तेव्हा सगळे गावी येतात. पण इथेही दरवर्षी तेच होतं: चार दिवस ‘भेटू, भेटू’ म्हणत जातात, भाऊबीजेला बहिणीकडे, दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सची गाडी. म्हणून दिवस आधीच बांधून टाका. आमच्यात लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची सकाळ ठरलेली आहे. नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि फराळ जिकडेतिकडे होऊन गेलेला असतो, पूजा संध्याकाळी असते. हे दोन्ही एकाच दिवशी आले तर फराळ आटोपून अकराला. जागा एकच, दरवर्षी तीच. कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला जमेल तो येतो.

तपासा: भेटीत कुणी नोकरी नसलेला, परीक्षेत अडकलेला आहे का? बिल मोठं होईल अशी जागा निवडलीत तर तो ‘काम आहे’ सांगून येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल त्याला रस नाही.

टप्पा ८: शहरातली नवी माणसं

जुने पाच दूरच आहेत. ताप आला तर पॅरासिटामॉल आणून देणारं कुणीतरी याच गल्लीत हवं. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तासांचा हिशेब मांडला होता: ओळखीच्या माणसाशी वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतकी व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. एकत्र काम करण्यात गेलेला वेळ त्यात फारसा उपयोगी पडत नाही, असंही त्यांना आढळलं. म्हणजे टीममधला माणूस रोज आठ तास शेजारी बसतो तरी तो आपोआप मित्र होत नाही. त्याच्याबरोबर ऑफिसबाहेर चहा प्यावा लागतो.

आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना सहा महिने लागतात. तीन रविवार जाऊन ‘माझं इथे कुणाशी जमत नाही’ म्हणणारे लोक सहा तासांवर निकाल देत असतात. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांना जाऊ नका. दर आठवड्याला तीच माणसं, तीच वेळ असेल असं काहीतरी धरा. गणपतीआधी ढोल-ताशा पथकाचा सराव, वाचनालय, बॅडमिंटन, ट्रेकिंगचा ग्रुप, भजनी मंडळसुद्धा. पहिले दोन महिने कंटाळा येणार हे धरूनच चला.

हे सगळं करूनही

माणसं आहेत, फोन होतात, तरी दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नाही, खावंसं वाटत नाही, कशातच मन लागत नाही, तर आणखी फोनाफोनी करून ते सुटणार नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, आजच लावा, आणि जवळच्या एका माणसाला सोबत बसायला बोलवा.

सहा महिन्यांनी

तोच कागद काढा. पहिल्या रकान्यातल्या तारखा खोडून नव्या लिहा. ज्या नावापुढे अजून जुनीच तारीख आहे, तिथे फोन करायची पाळी कुणाची होती ते आठवा. तुमची असेल तर आज करा. त्याची असेल तरी आज करा.